नाव घातलेला नारळ

जपानचा समुद्र फार देखणा आहे, असं तो पाहून आलेले लोक सांगतात. मीही पाहून आलो आहे. इझू नावाच्या टोकाला गाडीने वळसा घालत, प्रत्येक प्रेक्षणीय ठिकाणी उतरून, चांगला एक रविवारभर पाहिला. पण त्याचा रंग कसा होता असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही, कारण त्या दिवशी माझं सगळं लक्ष तो माझा नारळ घेतो की नाही इकडे लागलं होतं. समुद्राची घ्यायची तयारी होती. आड आली ती जपानी माणसांची सज्जनता आणि आमच्या शेजारच्या उद्धवरावांचा रंगाचा डबा.

शहात्तर साली आमच्या पिंपरीच्या कंपनीने स्प्रिंगा वळणारं एक जपानी मशीन घ्यायचं ठरवलं आणि ते शिकून यायला दोन माणसं निवडली. इन्स्पेक्शनचा भीमराज आणि प्रॉडक्शनचा मी. घरी ही बातमी सांगितली तेव्हा प्रभावती, म्हणजे आमची सौभाग्यवती, पेढे आणायला निघाली आणि आईने मध्ये पाणी किती लागतं ते विचारलं. आई, म्हणजे कॉलनीच्या गवराकाकू, मूळची पुनावळ्याची. पवना नदी तिच्या घरातल्यासारखी. तिच्या लेखी जगात जेवढं म्हणून पाणी आहे तेवढं बाईमाणूस आहे, आणि बाईमाणसाचा मान ठेवल्याशिवाय तिच्या दारावरून जायचं नसतं.

"पवनामाय फुगली तर आपुन तिची वटी भरतो," ती म्हणाली. "तू तर समदा समुद्र वलांडून चाललास. तिची वटी कोन भरनार?"

"आई, विमानानं जायचंय. पाण्याला पायसुद्धा लागणार नाही."

"आन् वरून गेल्यावर वलांडलं न्हाई व्हय? निजलेल्या पोरावरून कुनी टांग टाकली तर चालतं का तुला?"

जाताना मुंबईला भरतो म्हटलं, तर तेही तिला पसंत पडेना. मुंबईचा समुद्र घरचा. तो कशाला रागावेल? ओटी पल्याडच्या काठाला, माझ्या हातानं, वाहत्या पाण्यात गेली पाहिजे. एवढं सांगून तिने पायातल्या चपला काढल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि फळीवर ठेवून दिल्या. "वटी पोचल्याबिगार पायात काय घालायची न्हाई," असं तिने जाहीर केलं.

इथे मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आईला साखरेचा आजार. आमच्या कॉलनीसमोरच्या रस्त्याने दिवसभर भंगाराचे ट्रक जातात आणि त्यांतून लेथवर निघालेले लोखंडाचे कुरळे तुकडे सांडत असतात. मागल्या वर्षी त्यातला एक तिच्या टाचेत शिरला होता आणि महिनाभर पाय बरा होत नव्हता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पुन्हा अनवाणी चालल्या तर पायाचं मी काही सांगू शकत नाही. तीच बाई आता दूध आणायला केंद्रावर अनवाणी निघाली होती. प्रभावतीने विनवलं, मी आवाज चढवला, भांडलो. आईने पदर सारखा केला आणि म्हणाली, "तू लवकर वटी भर म्हंजे झालं."

कॉलनीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. सुमनताईंनी नारळाऐवजी वजनाला हलकं म्हणून सुकं खोबरं नेण्याचा सल्ला दिला. कुणी म्हणालं, जपानी लोकांना सगळं कागदाचं चालतं, तुम्ही कागदाचा नारळ न्या. उद्धवरावांनी मात्र सल्ला दिला नाही. ते थेट कामाला लागले. उद्धवराव कंपनीच्या पेंट शॉपमधून रिटायर झालेले. आपल्याकडे स्टीलचं भांडं घेतलं की दुकानातच त्याच्यावर नाव घालून घ्यायची पद्धत आहे. ही पद्धत उद्धवरावांनी भांड्यांपुरती ठेवली नव्हती. आमच्या जिन्याचा कठडा, कॉलनीची शिडी, गणपतीची सतरंजी, सगळ्यावर त्यांच्या हातची अक्षरं होती. परदेशात सामान हरवतं, या एका विचाराने त्यांनी माझी ट्रंक, छत्री, थर्मास आणि चपलांचे तळवेसुद्धा रंगवले. मी पासपोर्टच्या कामासाठी मुंबईला गेलो होतो. परत आलो तर आईच्या ओटीच्या नारळावर, सँडपेपरने नीट घासून गुळगुळीत केलेल्या जागेवर, पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत माझं नाव, खाली पिंपरी, पुणे, इंडिया आणि जागा उरली म्हणून शेंडीजवळ कंपनीचं नाव घातलेलं.

"आपला मशीनचा रंग आहे, जयसिंगराव," उद्धवराव म्हणाले. "खाऱ्या पाण्यात सहा महिने बुडवून ठेवा. अक्षर हललं तर माझं नाव बदला."

मी त्यांचे मनापासून आभार मानले, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

मुंबईच्या विमानतळावर एका साहेबांनी तो नारळ कानाशी धरून हलवला. पाणी वाजलं. सोनं असतं तर वाजलं नसतं, असा निष्कर्ष काढून त्यांनी तो परत दिला. टोकियोला मात्र शेतीखात्याचे अधिकारी जमले. एकाने शेंडी ओढून पाहिली, दुसऱ्याने भिंग लावलं, तिसऱ्याने वास घेतला. मग त्यांनी ओटीचे तांदूळ ठेवून घेतले आणि हिरव्या खणात बांधलेला नारळ दोन्ही हातांनी, वाकून, मला परत केला. म्हणजे जपानची निम्मी ओटी विमानतळावरच भरली, असं भीमराज म्हणाला. माझी तेव्हा विनोद सुचण्याची अवस्था नव्हती.

आमचं ट्रेनिंग होतं ते गाव डोंगरात. समुद्राचा वाससुद्धा तिथे येत नसे. रविवार मोकळे असतील असं वाटलं होतं, पण स्प्रिंगा पाहण्याइतका दुसरा आनंद आम्हाला नसणार अशी यजमानांची समजूत होती, त्यामुळे दर रविवारी ते आम्हाला दुसऱ्या एखाद्या स्प्रिंगांच्या कारखान्यात नेत. मी रोज सकाळी बूट घालताना आईचे पाय आठवायचो. परतायची वेळ जवळ आली तेव्हा आमचे इंजिनियर हिराओकासाहेब एकदा म्हणाले, येत्या रविवारी माझ्या गाडीतून समुद्रकिनारा बघायला येता का? मी इतक्या जोरात हो म्हणालो की शेजारच्या मशीनवरचा माणूस दचकला.

त्या रात्री मी भीमराजला स्पष्टच विचारलं, की तुला हा सगळा प्रकार पटत नसेल, तर मी एकटा बघतो. भीमराज बौद्ध घरातला. त्याच्याकडे नवस, ओटी, अंगारे-धुपारे काही चालत नाही, आणि जपानातल्या बुद्धमंदिरांत त्याला जो मान मिळत होता तो बघता त्याने माझ्या नारळाबरोबर फिरावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

"नवस मी मानत नाही," तो म्हणाला. "गवराकाकूंचे पाय मानतो. त्यांच्या पायात चप्पल गेली पाहिजे ना? मग संपलं. फेकू."

पहिला मुक्काम अतामी. किनाऱ्याला लागून छान रस्ता, बाकं, फुलझाडं. हिराओकासाहेब कॅमेरा काढेपर्यंत मी पुढे गेलो, आईचं नाव घेतलं आणि नारळ खणासकट पाण्यात सोडला. हात जोडून डोळे मिटले. उघडले तेव्हा एक वयस्कर गृहस्थ विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यातून बाहेर येत होते. त्यांच्या हातात नारळ. त्यांनी खण बाजूला सारून, चष्मा सारखा करून अक्षरं वाचली, आजूबाजूला पाहिलं, भीमराज गाडीपाशी होता, त्यामुळे सबंध किनाऱ्यावर असं नाव शोभेल असा माणूस मीच होतो, आणि माझ्यापुढे येऊन ते कमरेत वाकले. मी वाकलो. ते आणखी वाकले. एवढ्यात हिराओकासाहेबांनी फोटो काढला.

मी हिराओकासाहेबांना सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. माझं इंग्रजी कामापुरतं आणि त्यांचं त्याहून कामापुरतं. "मदर. गिफ्ट. सी," असं म्हणत मी नारळ दाखवला, आभाळ दाखवलं, समुद्र दाखवला. त्यांचे डोळे भरून आले आणि ते "हाय, हाय", म्हणजे जपानीत हो, हो, असं म्हणाले. त्यांना कळलं, असं मला वाटलं. त्यांना कळलं होतं ते असं, की हा माझ्या आईने दिलेला अनमोल नारळ आहे, तिला समुद्र बघायची फार इच्छा होती आणि मी तो तिच्या वतीने समुद्र दाखवायला आणला आहे. त्यानंतर प्रत्येक देखाव्यासमोर त्यांनी आधी नारळाला उभं केलं, मग मला.

दुसरा मुक्काम जोगासाकी. काळेकभिन्न कडे, खाली फेसाळणारं पाणी आणि दोन कड्यांमध्ये टांगलेला पूल. अशा ठिकाणी खाली माणूस असणं शक्य नाही, याची मी वाकून खात्री करून घेतली आणि पुलाच्या मध्यावरून नारळ सोडला. शक्य नव्हतं तरी माणूस होता. एका कातळाच्या आडून जाळीचा लांब दांडा पुढे आला आणि नारळ अलगद आत पडला. मासे धरायला बसलेला तो माणूस ते सगळे दगड चढून, घाम पुसत, वर आला. त्याने खण पिळून, घडी घालून दिला. वर, माझी गैरसोय झाली म्हणून, कागदात बांधून एक मासा दिला.

"तुझं नाव आहे त्याच्यावर," भीमराज म्हणाला. तो इन्स्पेक्शनचा माणूस, दोष कुठे आहे ते त्याला लगेच दिसतं. "जोवर नाव आहे तोवर ही माणसं तुला सोडत नाहीत."

वाटेत पेट्रोल पंप लागला. भीमराजने खुणेने रंग काढायचं काहीतरी मागितलं. पंपावरची दोन माणसं धावत आली, त्यांनी एका डब्यातला द्रव फडक्यावर घेतला आणि नारळ असा काही चोळला, की त्याच्यावरचा प्रवासाचा सगळा मळ निघून गेला. अक्षरं लख्ख झाली. अतामीपासून जी थोडी धूसर दिसत होती ती आता रस्त्यापलीकडून वाचता येत होती. उद्धवरावांबद्दल त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण कारागीर म्हणून माणूस मोठा, हे कबूल करायला हवं.

तिसरा मुक्काम शिमोदा, जुनं बंदर. इथे मी डाव बदलला. फेकतो म्हणून कोणी बघतं. हळूच सोडला तर कोण बघणार? एक होडी सुटत होती, तिच्यामागे मी धक्क्यावरून वाकून नारळ पाण्यात ठेवला आणि शीळ घालत चालू लागलो. गाडीपाशी पोचतो न पोचतो तोच पोलीस मागून आला. तो मला मोठ्या आदराने चौकीत घेऊन गेला. तिथे हरवलेल्या वस्तूंचा अर्ज भरावा लागला. वस्तू कोणती, कुठे हरवली, रंग कोणता, काही विशेष खूण. टेबलावर नारळ माझ्यासमोर होता, त्याच्यावर माझं नाव होतं, तरी तो माझाच आहे असं मला सांगावं लागत होतं. "आहे माझाच," मी मराठीत म्हणालो, इतका मी थकलो होतो. पोलिसाने नारळ कागदी पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि माणसाने आपल्या वस्तू सांभाळाव्यात अशा अर्थाचं काहीतरी हळू आवाजात सांगितलं. पिंपरीत माझ्या हाताखाली वीस माणसं काम करतात. त्यांनी हे पाहिलं नाही, एवढंच समाधान.

गाडीत मासा वास मारू लागला होता. ऊन कलत आलं होतं. हिराओकासाहेब म्हणाले, आता शेवटचं ठिकाण, इरोझाकी; त्यापुढे जमीन नाही. भीमराजने माझ्याकडे पाहिलं. मी नारळाकडे पाहिलं. परत न्यायचा नाही, हे मी तिथेच नक्की केलं. वेळ पडली तर नारळाबरोबर मी स्वतः उडी मारीन, पण फळीवरच्या त्या चपला खाली काढल्याशिवाय राहणार नाही.

इरोझाकीला दीपगृह आहे आणि त्याच्यापलीकडे कड्याच्या टोकाला चिकटून बसलेलं एक चिमुकलं देऊळ. भीमराजने हिराओकासाहेबांचा दंड धरला आणि दीपगृहाबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली. दिवा कितीचा, काच कुठली, जिना कोणत्या बाजूला वळतो. त्याला इंग्रजी येत नाही म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी त्याला ऐकायला हवं होतं. मी नारळ पिशवीतून काढून पुन्हा खणात बांधला आणि टोकाला गेलो. वारा असा होता की उभं राहवेना. आसपास कोणी नव्हतं. माझा दिवसभराचा राग तिथे एकदम विरघळला आणि मला फक्त आईची टाच दिसायला लागली, भेगा पडलेली, डॉक्टरांनी पट्टी बांधलेली. मी ढसाढसा रडलो. मग तिच्याच भाषेत म्हणालो, "घे गं बाई आता. लांबून आनलीया."

आणि नारळ गेला. लाटेने खणाची गाठ सोडली, हिरवा खण पाण्यावर पसरला आणि आत ओढला गेला. नारळ थोडा वेळ डुचमळला, पांढरी अक्षरं वरखाली दिसली, आणि मग तोही दूर दूर चालता झाला. मागे वळून बघतो तर हिराओकासाहेब माझ्या रिकाम्या हातांकडे पाहत उभे. त्यांचा चेहरा पडला होता. ते धावत कठड्यापाशी गेले, डोळ्यांवर हात धरून त्यांनी पाणी न्याहाळलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मी हसत होतो, ते त्यांना दुःखाने हसतोय असं वाटलं असावं. परत येताना प्रत्येक कोळीवाड्यापाशी ते गाडी थांबवत, उतरून कोणाशी तरी हातवारे करत बोलत आणि मान खाली घालून परत येत. सुकी मासळी शोधत असतील, असं आम्ही धरून चाललो.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती, अनवाणी. "पोचली?" तिने विचारलं. "पोचली. माझ्या डोळ्यांदेखत," मी म्हणालो आणि फळीवरच्या चपला काढून स्वतः तिच्या पायांत घातल्या. टाच शाबूत होती. प्रभावतीने तिच्या नकळत रोज रस्ता झाडला होता, कॉलनीपासून दूध केंद्रापर्यंत, हे मला नंतर कळलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मशीन आलं, आणि ते बसवायला हिराओकासाहेब आले. त्यांना रविवारी घरी जेवायला बोलावणं भागच होतं. कॉलनीतली सगळी माणसं काही ना काही निमित्ताने आमच्या घरात होती, भीमराज होता, उद्धवराव तर सकाळपासून होते. हिराओकासाहेबांनी बूट काढले, आईपुढे वाकले आणि रेशमी कापडात बांधलेली एक पेटी दोन्ही हातांनी तिच्या पुढे धरली. आईने गाठ सोडली. आत नारळ.

तोच, माझा. कुठल्याशा कोळ्याच्या जाळ्यात सापडला होता. नाव होतंच, कंपनीही होती. हिराओकासाहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं तसं मी मशीन चालू झाल्यावरही पाहिलं नाही. मी आईच्या पायांकडे पाहत होतो. आता ती चपला काढणार, फळीवर ठेवणार, आणि मला पुन्हा जपानला जावं लागणार. पाठवणार कोण?

आईने नारळ फिरवून पाहिला. "खन कुठाय?"

"खण गेला, आई. खण तिनेच घेतला. मी बघितला जाताना," मी घाईघाईने म्हणालो.

"मग बराबर हाय," आई म्हणाली. "वटी भरली की बाई खन ठिवून घेती आन् त्यातलं कायतरी मागारी देती. रिकाम्या हातानं कुनाला धाडती व्हय? रीत हाय ती. चांगल्या घरची हाय तुमच्याकडची समुद्रमाय."

"हाय, हाय," हिराओकासाहेब म्हणाले.

"बघ, याला बी ठावं हाय," आई म्हणाली. हा मुलगा आपल्याच भागातलं बोलतो, अशी तिची त्या क्षणापासून खात्री झाली आणि ती त्यांना हिरोबा म्हणू लागली. तिने नारळ फोडला. आत खणखणीत सुका गोटा निघाला. सगळ्यांना प्रसाद मिळाला. भीमराजने खोबरं म्हणून खाल्लं. उद्धवरावांनी करवंटी उजेडात धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, अक्षर हललं का?"

जेवण झाल्यावर आईने विचारलं, "हिरोबा, तुजी आय हाय का?" मी खुणा करून पोचवलं. त्यांची आई होती, म्हातारी, त्याच किनाऱ्यावर एका गावात, एकटी. मुलगा एवढ्या लांब प्रथमच गेला होता. आई उठली. आत गेली, नवा नारळ, नवा खण आणि मूठभर तांदूळ घेऊन आली आणि हिराओकासाहेबांच्या ओंजळीत घातले. "तुज्या आयला दे. म्हनावं, पोरगं आमच्याकडं जेवून गेलं."

मग ती दाराशी गेली, पायांतल्या चपला काढल्या आणि प्रभावतीकडे वर्तमानपत्र मागितलं.

"आई!" मी ओरडलो.

"तिचं पोरगं समुद्र वलांडून जानार," ती म्हणाली. "तिकडं ती काय करनार, तिला काय ठावं? ह्यो पोचल्याचं कळूस्तवर मीच अनवानी र्‍हाते."

प्रभावतीने कोपऱ्यातला खराटा उचलला. उद्धवराव एव्हाना घरी जाऊन रंगाचा डबा घेऊन आले होते आणि नवा नारळ गुडघ्यांत धरून सँडपेपरने घासत होते. त्यांनी ब्रश उचलला तसा मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. मग दाराशी अनवाणी उभ्या आईकडे पाहिलं. हा नारळ पोचायलाच हवा होता.

मी ब्रश त्यांना परत दिला आणि हिराओकासाहेबांना त्यांच्या आईचं नाव विचारलं.